इसार देण्याआधी: गावाकडे घर बांधू पाहणाऱ्यांसाठी

"गावाकडे थोडी जागा बघितलीय, छोटे घर बांधायचे आहे. कागद एकदा नजरेखालून घालाल का?" असा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. कागद हातात पडतात तेव्हा बहुतेक वेळा इसार देऊन झालेला असतो. एजंटने सांगितलेले असते, "ग्रामपंचायतीची एनओसी मी आणून देतो, बाकी काही लागत नाही." ते ऐकले की मला मनापासून वाईट वाटते, कारण पुढे काय होणार ते दिसत असते.

मी वकील नाही. वडिलांच्या गावी घर बांधताना तहसील, भूमी अभिलेख आणि नगररचना या तीन कार्यालयांत मी दोन वर्षे हेलपाटे घातले. तिथे जे शिकलो ते इथे, ज्या क्रमाने करायला हवे त्या क्रमाने मांडतो आहे. हे सगळे महाराष्ट्रापुरते आहे. गोव्यात किंवा कर्नाटकात कायदे वेगळे आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. जमीन तुमच्या नावावर असणे वेगळे आणि तिच्यावर घर बांधता येणे वेगळे. पहिली गोष्ट सातबारा सांगतो. दुसरी ठरते ती जमीन कुठे आहे, किती आहे, कोणत्या प्रकारची आहे आणि नियोजनाच्या नकाशात तिला कोणता रंग दिला आहे यावरून. शेतजमीन शेतीसाठीच वापरायची हा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चा मूळ नियम आहे. घर हा त्याला अपवाद, आणि तो अपवाद आपल्याला मिळवावा लागतो.

पायरी १: जागा गावठाणात आहे की गावठाणाबाहेर?

सगळ्यात आधी हे विचारा. पुढची जवळजवळ प्रत्येक गोष्ट याच उत्तरावर अवलंबून आहे.

गावठाण म्हणजे महसुली दप्तरात वस्तीसाठी राखलेली गावाची जागा. तिथल्या जागेला सहसा सातबारा नसतो. नगर भूमापन झाले असेल तर मिळकत पत्रिका असते, नसेल तर ग्रामपंचायतीचा कर आकारणीचा उतारा. २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली आणि कित्येक गावांत पहिल्यांदाच घरमालकांच्या हातात मिळकत पत्रिका आली. तुमच्या गावाची झाली आहे का, हे भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात कळेल.

इथे दोन ठिकाणी लोक हमखास फसतात.

एक म्हणजे वाड्या. वाडीत चाळीस घरे असतील, शाळा असेल, देऊळ असेल, म्हणून ती जागा दप्तरी गावठाण असेलच असे नाही. कोकणात आणि मावळात तर बहुसंख्य वाड्या गट नंबरच्या शेतजमिनीवरच वसलेल्या आहेत. शेजारी पन्नास वर्षांचे घर उभे आहे म्हणून आपल्यालाही बांधता येईल, हा तर्क कार्यालयात टिकत नाही. गाव नकाशा मिळवा आणि त्यावर गावठाणाची हद्द स्वतः बघा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गटांचे नकाशे दिसतात. पहिल्या अंदाजाला ते पुरेसे आहेत, निर्णयाला नाहीत.

दुसरा घोळ आठ नंबरचा. तलाठ्याकडे मिळतो तो '८ अ', म्हणजे एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा गोषवारा. ग्रामपंचायतीत मिळतो तो 'नमुना ८', म्हणजे घरपट्टीची आकारणी. एजंट दुसरा कागद दाखवून "आठ अ आहे, घराची नोंद आहे" असे सांगतात. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम कायदेशीर झाले, असे होत नाही. कर वसूल करणे आणि परवानगी देणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत.

(तलाठ्याला आता 'ग्राम महसूल अधिकारी' आणि ग्रामसेवकाला 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणतात. २०२४ मध्ये नावे बदलली. गावात जुनीच नावे चालतात, अर्जावर मात्र नवी लिहा.)

पायरी २: सातबारा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

जागा गावठाणाबाहेर असेल तर सातबारा काढा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळतो. बहुतेक लोक नाव आणि क्षेत्र बघून तो घडी घालून ठेवतात. खरी माहिती दोन ठिकाणी असते: 'भूधारणा पद्धती' आणि 'इतर अधिकार'.

भूधारणा पद्धतीत 'भोगवटादार वर्ग १' असेल तर हस्तांतरणावर सर्वसाधारणपणे सरकारी बंधन नाही. 'वर्ग २' असेल तर थांबा. ती जमीन इनामाची, वतनाची, सरकारने वाटप केलेली किंवा कुळकायद्याने मिळालेली असू शकते. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही आणि वापरही बदलता येत नाही. कुळकायद्याच्या कलम ४३ ची अट असलेल्या जमिनीला, खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर, शेतसाऱ्याच्या चाळीस पट नजराणा भरून विक्रीची वाट मिळते. शेतसारा मुळात क्षुल्लक असल्याने ही रक्कम फार नसते. पण ती विक्रीआधी भरायची असते आणि तशी नोंद सातबाऱ्यावर यावी लागते.

इतर अधिकारांत काय काय सापडते पाहा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा. कुळाचे नाव. 'पुनर्वसनासाठी राखीव', जो शिक्का धरणांच्या लाभक्षेत्रात जागोजागी दिसतो. खाजगी वन किंवा वन विभागाची नोंद. कोकणात 'वने संज्ञा', म्हणजे महसुली दप्तरातली वनाचीच एक नोंद. आणि संहितेच्या कलम ३६ व ३६-अ चा उल्लेख, म्हणजे आदिवासी खातेदाराची जमीन. ती बिगर आदिवासीला शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. 'शंभर वर्षांचा भाडेपट्टा करू' किंवा 'कुलमुखत्यारपत्र करून देतो' असे कोणी सुचवले तर तिथून उठा. यात कायद्याचा धोका आहेच, शिवाय ती जमीन त्या माणसाच्या हातून जाऊ नये म्हणूनच हा कायदा केला आहे. आपल्या सुट्टीच्या घरासाठी तो वाकवू नये.

वनाची नोंद असेल तर खाजगी वकिलाच्या अभिप्रायावर विसंबू नका, वन विभागाकडून लेखी घ्या.

चाकरमान्यांसाठी वेगळे लिहायला हवे. वडिलोपार्जित जमिनीवर घर बांधणाऱ्याला वाटते की आपल्याला कुठे काय विकत घ्यायचे आहे. पण कोकणातल्या सामाईक सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावे सहज असतात. त्यातली निम्मी माणसे हयात नसतात, वारसनोंदी झालेल्या नसतात आणि एखाद्या आत्याच्या लेकींची नावे तर कोणालाच आठवत नसतात. परवानगीच्या अर्जाला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. म्हणून घराच्या नकाशाआधी वारसनोंदी करून घ्या आणि मग संहितेच्या कलम ८५ खाली वाटप. हे काम वर्षभर खाते, पण गणपतीत सगळे गावी जमतात तेव्हा बसून बोललात तर निम्मे तिथेच होते. आमच्याकडे तसेच झाले. दोन काकांचे बोलणे बंद होते. चवथीच्या दिवशी दोघांनी एकाच ओटीवर बसून सह्या केल्या.

पायरी ३: झोन दाखला

महाराष्ट्रात बहुतेक ग्रामीण भागाला कुठली ना कुठली नियोजन योजना लागू आहे. जिल्ह्याची प्रादेशिक योजना असेल, मोठ्या शहराजवळ विकास योजना असेल. योजनेच्या नकाशात प्रत्येक गट कशात तरी येतो: निवासी, शेती तथा ना-विकास, वन, औद्योगिक, हरित पट्टा. तुमचा गट कशात आहे हे सांगणारा कागद म्हणजे झोन दाखला. तो नगररचना कार्यालयातून किंवा त्या भागाच्या नियोजन प्राधिकरणाकडून मिळतो. सोबत भाग नकाशाही मागा. रस्त्याचे, शाळेचे किंवा उद्यानाचे आरक्षण गटावरून जात असेल तर ते त्यावरच दिसते.

तुमच्या गावाचे प्राधिकरण कोणते, हे आधी शोधा. पुण्याभोवतीची कित्येक गावे २०१५ पासून पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहेत. नवी मुंबई विमानतळाभोवतीची गावे सिडकोच्या नैना क्षेत्रात येतात. साताऱ्यातल्या कोयना खोऱ्याच्या बाजूची शेकडो गावे 'नवे महाबळेश्वर' प्रकल्पात आहेत आणि तिथले नियोजन रस्ते विकास महामंडळाकडे सोपवले आहे. बाकी बहुतेक ठिकाणी जिल्हाधिकारी आणि त्यांची नगररचना शाखा. चुकीच्या दारात अर्ज केला तर तीन महिन्यांनी "हे आमच्याकडे येत नाही" एवढेच उत्तर मिळते.

दाखल्यावर 'शेती विभाग' आले तर लगेच निराश होऊ नका. गावठाणालगतच्या पट्ट्याला आणि शेतघराला सवलती आहेत, त्या पुढे येतील. पण दाखला हातात येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका. विकणारा घाई करत असेल तर त्याला सांगा, दाखला आला की दुसऱ्या दिवशी इसार. खरा विकणारा थांबतो.

पायरी ४: ही जमीन मला घेता येते का, आणि एवढी छोटी घेता येते का?

शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ चा हा नियम आजही लागू आहे. तुमच्या किंवा वडिलांच्या नावाने राज्यात कुठेही शेती असेल तर त्या उताऱ्यावर शेतकरी असल्याचा दाखला मिळतो. नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल किंवा आधीच अकृषिक (एनए, म्हणजे शेतीखेरीज वापराचा) झालेला भूखंड बघावा लागेल. बनावट शेतकरी दाखल्यावर झालेली खरेदी पुढे रद्द होऊ शकते.

परदेशात राहणाऱ्यांनी नीट लक्ष द्यावे. परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळ्याची जमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. दुबईहून किंवा न्यू जर्सीहून भावाच्या नावाने पैसे पाठवून 'पुढे नावावर करू' असे ठरवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. पुढे नावावर करायला कायदेशीर वाट नसते आणि भावाभावांत मात्र कायमचे बिनसते.

आता गुंठेवारी, म्हणजे शेतजमीन गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे करून विकणे. ग्रामीण घरांच्या स्वप्नाचे सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

१९४७ चा तुकडेबंदीचा कायदा सांगतो की शेतजमिनीचा ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही आणि विकताही येत नाही. कारण साधे आहे. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत शेत इतके लहान होते की त्यात औत फिरत नाही. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे ठरवले. (गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर.) मार्च २०२४ मध्ये थोड्या कारणांसाठी सूट आली: विहिरीसाठी पाच गुंठ्यांपर्यंत, शेतरस्त्यासाठी, आणि सरकारी घरकुलाच्या लाभार्थ्याला घरापुरती १,००० चौरस फूट. ही सूट घरकुलवाल्याची आहे. शहरातून येऊन दोन गुंठे घेणाऱ्याची नाही.

मग नोव्हेंबर २०२५ मध्ये वटहुकूम आला. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात झालेले तुकड्यांचे व्यवहार अधिमूल्य (जादा शुल्क) न घेता नियमित करण्याची सोय त्याने केली. तेव्हापासून "तुकडेबंदी उठली, आता बिनधास्त घ्या" असे जाहिरातदार सांगत सुटले आहेत. ती उठली आहे नियोजनाच्या नकाशात अकृषिक वापरासाठी नेमलेल्या क्षेत्रात. निव्वळ शेती विभागातल्या गटाला ती आजही लागू आहे. पुन्हा झोन दाखल्याकडेच यावे लागते, ते यासाठी.

'पाच गुंठ्यांचा फार्महाऊस प्लॉट, तारेचे कुंपण, आंब्याची दहा झाडे, स्वतंत्र सातबारा' अशी जाहिरात पाहिली तर तीन प्रश्न विचारा. या गटाचा मंजूर रेखांकन नकाशा (लेआउट) कुठे आहे? सातबाऱ्यावर एकटे माझे नाव येणार की मी वीस जणांतला एक? महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक काय? ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेचे किंवा आठपेक्षा अधिक भूखंड पाडून विकणाऱ्याला २०१६ च्या रेरा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. सामाईक सातबाऱ्यात आलेले तुमचे नाव तुम्हाला फक्त अविभक्त हिस्सा देते. कुंपणातला नेमका तुकडा तुमचा, हे कोणताही सरकारी नकाशा सांगत नाही. तिथे ना मोजणी होते, ना परवानगी मिळते.

पायरी ५: नदी, डोंगर आणि समुद्र यांनी घातलेल्या हद्दी

ही बंधने लोकांना सगळ्यात जाचक वाटतात, आणि मला ती सगळ्यात न्याय्य वाटतात.

नदीकाठच्या जागेसाठी पाटबंधारे विभागाकडून पूररेषेचा दाखला घ्या. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला मनाई आहे. निळी ते लाल या पट्ट्यात अटींसह बांधता येते, जोते लाल रेषेच्या वर घेऊन. कृष्णा-पंचगंगेकाठी २०१९ मध्ये आणि महाड-चिपळूणला २०२१ मध्ये पाणी कुठवर चढले होते, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. भिंतीवरची खूण ते बोटाने दाखवतात. धरणाच्या पाण्यालगतची जागा असेल तर संपादनाची हद्द तपासा. उन्हाळ्यात उघडी पडणारी 'पाण्याला लागून असलेली' जमीन बहुतेकदा जलसंपदा विभागाची असते.

डोंगरात उताराचा नियम आहे. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात १:५ पेक्षा तीव्र उतारावर, म्हणजे पाच मीटर आडवे जाताना एक मीटरहून अधिक चढ असेल तिथे, बांधकाम होत नाही. कोणी म्हणेल, जेसीबी लावून सपाट करू. कृपा करून करू नका. ३० जुलै २०१४ ला दरड कोसळून माळीण गेले, १५१ माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत होती, जायला दुसरी जागा नव्हती. आपल्याला मात्र जागा निवडता येते. उतार कापला की वरच्या मातीचा आधार जातो, आणि पाऊस पडेल तेव्हा खालच्या वाडीत दुसऱ्याचे लेकरू झोपलेले असते.

समुद्रकिनारी सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) २०१९ ची अधिसूचना बघावी लागते. ग्रामीण किनाऱ्यावर, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा कमी असेल तर भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र, जास्त असेल तर ५० मीटर. खाडीकाठीही हद्दी आहेत. मच्छीमार आणि स्थानिक रहिवाशांना जुन्या घराच्या दुरुस्तीला आणि पुनर्बांधणीला वेगळ्या सवलती आहेत. बाहेरून येणाऱ्याने त्या स्वतःसाठी गृहीत धरू नयेत. भरतीरेषा आपल्या डोळ्यांनी ठरवायची नसते, ती मंजूर किनारा नकाशावर अधिकृत संस्थेकडून दाखवून घ्यायची असते.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून आणि माथेरान परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे नियम पुष्कळ कडक आहेत, आणि राज्यभराचे सर्वसाधारण बांधकाम नियम तिथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पश्चिम घाटाच्या प्रस्तावित संवेदनशील क्षेत्राबद्दल मात्र गावोगावी नाहक भीती आहे. महाराष्ट्रातले सतरा हजारांहून अधिक चौरस किलोमीटर त्यात येतात हे खरे, पण मसुद्यात बंदी आहे ती २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर. शेतकऱ्याच्या घराला तिने हात लावलेला नाही. "इको झोन येतोय, त्याआधी विकून टाका" असे सांगून स्वस्तात जमिनी घेणारे दलाल मी पाहिले आहेत. गावातल्या लोकांनाही हे समजावून सांगा.

रस्त्यालगत घर असेल तर महामार्गाची इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा, म्हणजे रस्त्यापासून किती अंतर सोडायचे ते, सार्वजनिक बांधकाम खात्याकडून लिहून घ्या. डोक्यावरून उच्चदाब वीजवाहिनी जात असेल तर महावितरण किंवा महापारेषणकडून अंतर.

पायरी ६: मोजणी आणि वाट

भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. नियमित किंवा द्रुतगती, दोन्ही प्रकारची फी ठरलेली आहे. मोजणीला शेजारचे सगळे खातेदार हजर राहतील असे बघा. नोटीस गेलेली असते, तरीही स्वतः घरी जाऊन सांगा, चहा घ्या. जो शेजारी मोजणीला उभा असतो तो पुढे हरकत घेत नाही.

वाट हा तर कळीचा मुद्दा. सातबाऱ्यावर रस्ता दिसत नाही. "सगळे इथूनच जातात" हे तोंडी आश्वासन विकणाऱ्याबरोबर निघून जाते. गाव नकाशावर गाडीवाट, पायवाट किंवा शिवरस्ता आहे का ते पाहा. नसेल तर वाटेच्या जमीनमालकाशी नोंदणीकृत करार करा. बांधावरून रस्ता मागण्यासाठी तहसीलदारांकडे संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज करता येतो, पण तो शेतीच्या वहिवाटीसाठी. बांधकाम परवानगीला ठरलेल्या रुंदीचा पोचरस्ता लागतो, आणि बैलगाडीची वाट तिथे पुरत नाही.

पायरी ७: परवानगीच्या वाटा

आता कुठे घराच्या नकाशाला हात घालायचा.

गावठाणात: ग्रामपंचायत. डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाल्यावर छोट्या घरांसाठी काम बरेच सोपे झाले. सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला परवान्याची वाट बघावी लागत नाही. मालकीचा कागद, परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने प्रमाणित केलेला नकाशा आणि विकास शुल्क ग्रामपंचायतीत दाखल करायचे. त्यापुढे ३२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतच परवानगी देते, नगररचना कार्यालयात जावे लागत नाही. दाखल केलेल्या कागदांची पोच घ्यायला विसरू नका.

गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत: संहितेच्या कलम ४२-ड खाली अशा जमिनीला निवासी वापरासाठी वेगळ्या एनए आदेशाची गरज राहत नाही. आजवरची रीत अशी: तहसीलदारांकडे अर्ज, मोजणी नकाशावर अंतराची खात्री, रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरणे, मग सनद, म्हणजे अकृषिक वापराचा दाखला. सनद म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. ती स्वतंत्र घ्यायची. अंतर गावठाणाच्या अधिकृत हद्दीपासून मोजतात, शेवटच्या घरापासून नाही. विकास योजनेतल्या किंवा प्रादेशिक योजनेतल्या निवासी जमिनींसाठी अशीच सोय ४२-ब आणि ४२-क मध्ये आहे. २०० मीटरच्या पुढे, गावाच्या लोकसंख्येनुसार ठरलेल्या अंतरापर्यंत, अधिमूल्य भरून निवासी वापर मिळू शकतो. हे नगररचना कार्यालयात विचारा. या कलमांत २०१४ पासून वारंवार बदल झाले आहेत आणि शासनाचा कल एनएची वेगळी पायरी काढून टाकण्याकडे आहे, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम तहसील कार्यालयातूनच समजून घ्या.

शेतात, गावठाणापासून लांब: शेतघर. संहितेच्या कलम ४१ नुसार किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एकरभर जमीन हवी. राहण्याच्या भागाचे जोते १५० चौरस मीटरपेक्षा मोठे असू नये. जमीन प्रत्यक्ष कसली गेली पाहिजे. शहरांच्या आसपास आणि प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात पूर्वपरवानगी लागते. शेतघर भाड्याने देण्यासाठी किंवा रिसॉर्टसाठी नाही. ज्याला खरोखर शेती करायची आहे त्याच्यासाठी ही वाट उत्तम आहे. एकरभर जमिनीत चार खोल्यांचे घर, गोठा आणि अवजारांची खोली नीट बसते.

गावठाणाबाहेर ग्रामपंचायतीला बांधकाम परवानगी देण्याचा अधिकार नाही. तिची एनओसी फक्त 'ना हरकत' आहे. कितीही शिक्के असोत, तिच्यावर घर बांधू नका. बिनपरवाना बांधकामाला महसूल संहितेखाली दंड होतो आणि नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली पाडण्याची नोटीस येते. त्याआधीच बँक गृहकर्ज नाकारते.

बांधकामाला हात घालताना

परवानगीच्या नकाशाप्रमाणे जोते बांधून झाले की जोते तपासणीचा दाखला घ्या आणि मगच भिंती उचला. आमच्या घराचा एक कोपरा गवंड्याने दोन फूट बाहेर घेतला होता. जोत्यावर असतानाच लक्षात आले म्हणून एका दिवसात निस्तरले. स्लॅबनंतर कळले असते तर रडायची पाळी आली असती. विहीर किंवा बोअर आधी, घर नंतर. पाणी लागले नाही तर निदान घराची जागा बदलता येते. शोषखड्डा शेजाऱ्याच्या विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला.

काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला, त्यावर घरपट्टीची नोंद, त्यावर कायमची वीजजोडणी. खरेदीखतानंतर फेरफार मंजूर होऊन नाव सातबाऱ्यावर आले आहे का, ते पुन्हा एकदा उतारा काढून बघा. नोंदणी झाली म्हणजे नाव लागले असे धरून बसू नका. तलाठी नोटीस काढतो, पंधरा दिवस हरकतीला असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

या सगळ्याच्या छायाप्रती एका जाड फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा: झोन दाखला, मोजणी नकाशाची 'क' प्रत, सनद, परवानगी, मंजूर नकाशा, पोचपावत्या. आमची फाइल देवघराच्या कपाटात आहे. मागच्या मे महिन्यात गावातला एक तरुण त्याच्या आईला घेऊन ती बघायला आला. त्याला वडिलांच्या पडवीशेजारी दोन खोल्या वाढवायच्या होत्या. झोन दाखल्याच्या अर्जाचा नमुना त्याने फोनवर टिपून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तालुक्याला गेला.